भस्म-चूर्णांची वर्णपरीक्षा आणि मोठ्या प्रतिमांचे खंडशः गणन

प्रास्ताविक

द्रव्यपरीक्षेत वर्णाचे स्थान प्रथमपासूनच महत्त्वाचे आहे. अभ्रक भस्म विटेच्या रंगाचे व निश्चंद्र असावे, कज्जली काजळासारखी काळी व चमकरहित असावी, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातही द्रव्याच्या वर्णनात रंगाची नोंद असते. मात्र हा निर्णय आजवर वैद्याच्या किंवा निर्माणशाळेतील अनुभवी कारागिराच्या डोळ्यांवर सोपविला गेला. तो डोळा निवृत्त झाला की त्याचे प्रमाणही त्याच्याबरोबर जाते. गेल्या वर्षीच्या बॅचचा रंग आज शब्दांत सांगता येत नाही आणि पुरवठादाराशी वाद झाला तर ‘मला फिकट वाटले’ हा पुरावा ठरत नाही.

म्हणूनच अलीकडे काही निर्माणशाळांमध्ये साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरून प्रत्येक बॅचची प्रतिमा जतन करण्याची आणि तिच्यावरून रंगाचे आकडे काढण्याची पद्धत सुरू झाली आहे. ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु प्रतिमा मोठी असल्याने ती तुकड्यातुकड्यांनी मोजावी लागते आणि या तुकड्यांचे आकडे एकत्र करतानाच अनेकदा गफलत होते. चांगली बॅच नाकारली जाणे हा त्याचा एक परिणाम; सचंद्र भस्म उत्तीर्ण होऊन रुग्णापर्यंत जाणे हा दुसरा व अधिक गंभीर परिणाम होय. सबब या गणनेमागील तत्त्व वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधनिर्मात्यांनी स्वतः समजून घेणे आवश्यक आहे. गणित शालेय पातळीचेच आहे.

प्रतिमा किती मोठी असते?

संगणकातील प्रतिमा म्हणजे सूक्ष्म बिंदूंची जाळी. या बिंदूस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे साठविलेले असतात आणि नेहमीच्या प्रतिमेत प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे पूर्ण काळोख, २५५ म्हणजे कमाल उजेड.

ए-४ आकाराची काच एका इंचात १२०० बिंदू या सूक्ष्मतेने स्कॅन केली, तर रुंदीत सुमारे ९,९२४ आणि उंचीत सुमारे १४,०२८ पिक्सेल येतात. त्यांचा गुणाकार १३,९२,१३,८७२, म्हणजे जवळजवळ १४ कोटी. प्रत्येकाचे तीन आकडे धरता सुमारे ४२ कोटी आकडे झाले. साठविताना एका आकड्याला एक बाइट पुरतो. परंतु गणित करण्यासाठी अनेक प्रणाली तोच आकडा आठ बाइटमध्ये मांडतात. म्हणजे एका प्रतिमेसाठी सुमारे ३.३ अब्ज बाइट स्मृती लागते आणि मधल्या पायऱ्यांच्या प्रती वेगळ्याच. कार्यालयातील साधा संगणक येथे अडतो.

सूक्ष्मता कमी करावी, हा सोपा उपाय सुचतो. सर्वसाधारण रंगासाठी तो चालेलही. परंतु १२०० बिंदूंच्या सूक्ष्मतेला एक पिक्सेल सुमारे २१ मायक्रॉन रुंद असतो, तर ३०० बिंदूंना तोच सुमारे ८५ मायक्रॉन होतो. अभ्रकाचा लहानसा चमकता कण त्या मोठ्या पिक्सेलमध्ये आजूबाजूच्या भस्मात मिसळून जातो. निश्चंद्रत्व पाहावयाचे असेल तर सूक्ष्मता सोडून चालणार नाही.

खंडशः गणन म्हणजे काय?

काढ्याचे मोठे पातेले एका वेळी गाळता येत नाही. आपण पळीपळीने गाळतो. तसेच येथे करावयाचे. संपूर्ण प्रतिमा स्मृतीत न घेता तिचा एक चौकोनी खंड वाचावा, त्यातून हवे ते आकडे काढून नोंदवावेत, तो खंड सोडून द्यावा व पुढचा घ्यावा. १०२४ × १०२४ पिक्सेलचा खंड घेतल्यास वरील प्रतिमेचे रुंदीत १० आणि उंचीत १४ असे १४० खंड होतात. एका वेळी स्मृतीत फक्त १०,४८,५७६ पिक्सेल असतात. जुन्या संगणकालाही हे काम सहज झेपते.

मोठ्या प्रतिमा तुकड्यांनी हाताळण्याची गरज प्रथम उपग्रह-चित्रे, संग्रहालयातील चित्रे व ऊतींच्या काचपट्ट्या यांच्या अभ्यासात भासली. आज विनामूल्य मिळणारी ‘व्हिप्स’ ही प्रणाली चित्रकृतींच्या प्रतिमांसाठी युरोपात १९८९ मध्ये सुरू झालेल्या वासारी प्रकल्पातून पुढे आली. साधन कोणतेही वापरा, खरा प्रश्न एकच उरतो : प्रत्येक खंडातून कोणता आकडा पुढे न्यावा?

सरासरींची सरासरी घेऊ नये

सर्वांत सामान्य गफलत येथे होते. प्रत्येक खंडाची सरासरी काढावयाची आणि शेवटी त्या १४० सरासरींची सरासरी घ्यावयाची, असे सहज केले जाते. व्यवहारातील उदाहरण घेऊ. एका दवाखान्यात १,००० रुग्णांचे सरासरी वजन ६० किलो आहे आणि दुसऱ्या दवाखान्यात २०० रुग्णांचे ७२ किलो. दोहोंची सरासरी ६६ किलो म्हणणे चूक आहे. एकूण वजन ७४,४०० किलो, एकूण रुग्ण १,२००, म्हणून खरी सरासरी ६२ किलो.

प्रतिमेतही सर्व खंड सारखे नसतात. वरील उदाहरणात ९,९२४ या संख्येला १०२४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून उजव्या कडेचे खंड ७०८ पिक्सेल रुंद उरतात. खालच्या कडेचे खंड ७१६ पिक्सेल उंच उरतात. कोपऱ्यातील खंडात तर पूर्ण खंडाच्या निम्म्याहूनही कमी पिक्सेल असतात. शिवाय औषधाचे तबक वर्तुळाकार असेल, तर तबकाबाहेरची पांढरी जागा वगळावी लागते. मग एखाद्या खंडात औषधाचे दहा लाख पिक्सेल तर दुसऱ्यात पाचशेच, असेही होते. या दोघांना समान मत देणे योग्य नव्हे.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक खंडातून सरासरी पुढे न नेता दोन आकडे न्यावेत : औषधाच्या पिक्सेलची संख्या आणि त्यांच्या मूल्यांची बेरीज. सर्व खंडांच्या बेरजांची बेरीज भागिले संख्यांची बेरीज, हीच संपूर्ण प्रतिमेची सरासरी. ती खंडाच्या आकारावर अवलंबून राहत नाही. खंड लहान घेतला किंवा मोठा, उत्तर एकच आले पाहिजे. आपली पद्धत तपासण्याची ही उत्तम कसोटी आहे : तीच प्रतिमा ५१२ च्या आणि १०२४ च्या खंडांनी मोजावी. उत्तरे वेगळी आली तर गणनेत दोष आहे असे समजावे.

कडेच्या खंडांतील खोटा काळोख

काही साधने अपुऱ्या खंडाला पूर्ण करण्यासाठी उरलेल्या जागेत शून्ये भरतात. शून्य म्हणजे काळा रंग. वरील प्रतिमेत १४० पूर्ण खंडांचे १४,६८,००,६४० पिक्सेल होतील, म्हणजे सुमारे ७६ लाख काळे पिक्सेल औषधात नसताना मोजले जातील. खरी सरासरी १०० असेल तर ती सुमारे ९५ दिसेल. केवळ कोपऱ्याचा खंड पाहिला तर ४८ दिसेल. औषध जळले असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला तर नवल नाही. मॅटलॅब या प्रणालीतील खंडगणनाचे जुने साधन अशी शून्ये भरीत असे. २००९ मध्ये आलेल्या नव्या साधनात, मुद्दाम सांगितल्याशिवाय अपुरे खंड अपुरेच ठेवले जातात. आपले काम संगणक-तज्ज्ञाकडून करवून घेताना ‘कडेच्या खंडांचे काय करता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

मिश्रण एकजीव आहे का?

सरासरी एकच असूनही दोन चूर्णे अगदी वेगळी असू शकतात. समजा, तबकाच्या अर्ध्या भागातील प्रत्येक पिक्सेल ८० आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागातील १२०. सरासरी १०० येते. प्रत्येक खंड एकाच अर्ध्या भागात पडला तर त्याच्या आतील प्रमाण विचलन शून्य. म्हणून खंडांच्या विचलनांची सरासरीही शून्य. त्यावरून ‘चूर्ण पूर्णपणे एकजीव आहे’ असा अहवाल तयार होईल. प्रत्यक्षात संपूर्ण प्रतिमेचे प्रमाण विचलन २० आहे आणि मिश्रण मुळीच झालेले नाही.

कारण उघड आहे. एकूण फरकाचे दोन भाग असतात : खंडाच्या आतला फरक आणि खंडाखंडांमधला फरक. केवळ आतल्या फरकाची सरासरी घेतली की दुसरा भाग गळतो. म्हणून प्रत्येक खंडातून मूल्यांच्या वर्गांची बेरीजही पुढे न्यावी. संख्या, बेरीज आणि वर्गांची बेरीज या तिन्हींवरून संपूर्ण प्रतिमेचे प्रमाण विचलन बिनचूक काढता येते.

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. या बेरजा फार मोठ्या होतात. १४ कोटी पिक्सेलच्या वर्गांची बेरीज ९ लाख कोटींपर्यंत जाऊ शकते. ३२ बिटांच्या पूर्णांकात मात्र जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी मावतात. मर्यादा ओलांडली की गाडीच्या मीटरप्रमाणे आकडा पुन्हा शून्यापासून फिरू शकतो आणि संगणक सूचनाही देईलच असे नाही. म्हणून बेरजेसाठी ६४ बिटांचा आकडा वापरावा.

खंडाखंडांमधील फरक हा स्वतंत्रपणेही उपयोगी आहे. १०२४ पिक्सेलचा खंड कागदावर सुमारे २२ मिलिमीटरचा असतो. मिश्रणयंत्राच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून घेतलेले चूर्ण तीन तबकांत ठेवून प्रत्येक खंडाची सरासरी नकाशासारखी मांडली, तर मिश्रण कोठे कमी पडले ते नजरेस येते. मात्र असा नकाशा काढताना ज्या खंडांत औषधाचे पिक्सेल फारच थोडे आहेत ते वगळावेत.

निश्चंद्रत्व : सरासरी येथे निरुपयोगी

आता मुख्य विषयाकडे येऊ. कज्जलीत चमक दिसणे म्हणजे मुक्त पारद शिल्लक असण्याची खूण. अभ्रक भस्मात चमक दिसणे म्हणजे अभ्रक अद्याप अपक्व असल्याची खूण. दोन्हींत आणखी मर्दन अथवा आणखी पुटे आवश्यक ठरतात. ही परीक्षा सर्वसाधारण रंगाची नसून अपवादात्मक कणांची आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

समजा, कज्जलीच्या प्रतिमेत औषधाचे १० कोटी पिक्सेल आहेत, त्यांचे मूल्य ३० च्या आसपास आहे आणि त्यांत चमकणारे २,००० पिक्सेल २५० मूल्याचे आहेत. त्यांच्यामुळे सरासरी किती वाढेल? प्रत्येकी २२० अधिक, म्हणजे एकूण ४,४०,०००; त्यास १० कोटींनी भागले असता ०.००४४. हा फरक कोणत्याही अहवालात दिसणार नाही. सरासरीवर विसंबणारी निर्माणशाळा सचंद्र कज्जलीला निश्चंद्र म्हणून प्रमाणपत्र देईल.

मग कमाल मूल्य पाहावे काय? खंडांची कमाल मूल्ये एकत्र करणे सोपे आहे. सर्वांत मोठे ते संपूर्ण प्रतिमेचे. परंतु काचेवरील धुळीचा एक कण किंवा स्कॅनरचा एक सदोष बिंदूही कमाल मूल्य २५५ पर्यंत नेतो. म्हणून योग्य मार्ग असा की एक मर्यादा ठरवावी आणि तिच्यावरचे पिक्सेल किती, हे प्रत्येक खंडात मोजावे. ही संख्या निःशंकपणे बेरजेस पात्र आहे. सोबत कोणत्या खंडात ती किती आहे हेही ठेवावे. सर्व चमक एकाच खंडात असेल तर काचेवरचा डाग संभवतो. सर्वत्र विखुरलेली असेल तर दोष औषधात आहे असे मानण्यास आधार मिळतो. तबक फिरवून पुन्हा स्कॅन केल्यास काचेवरचा डाग जागेवरच राहतो, औषधातील कण तबकासोबत सरकतो.

पिक्सेलऐवजी कण मोजावयाचे असतील तर अडचण वाढते. दोन खंडांच्या सीमेवर पडलेला कण दोन्हींत मोजला जाईल. यासाठी प्रत्येक खंड वाचताना चोहोबाजूंनी थोडी शेजारची पट्टीही वाचावी. पट्टी अपेक्षित मोठ्यात मोठ्या कणापेक्षा रुंद असावी. मोजणीत मात्र ज्या कणाचा मध्यबिंदू मूळ खंडात आहे तोच धरावा. तबकाच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसाची गणना एकाच तबकात व्हावी तसे हे आहे, म्हणजे प्रत्येक कण एकदाच मोजला जातो.

मध्यक आणि वारंवारता सारणी

मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यास मधोमध येणारे मूल्य, हे धुळीसारख्या अपवादांनी फारसे हलत नाही म्हणून उपयुक्त आहे. परंतु खंडांच्या मध्यकांचा मध्यक हा संपूर्ण प्रतिमेचा मध्यक नव्हे. येथे वारंवारता सारणी कामास येते. प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ असे २५६ रकाने करावेत आणि प्रत्येक मूल्याचे किती पिक्सेल आले ते त्या रकान्यात नोंदवावे. तीन रंगांचे मिळून ७६८ आकडे. दुसऱ्या खंडाची सारणी पहिल्या सारणीत रकान्यागणिक मिळविता येते. शेवटी हातात येणाऱ्या या एका सारणीवरून प्रत्येक रंगाची सरासरी, प्रमाण विचलन, मध्यक, किमान, कमाल व मर्यादेवरील संख्या, सर्व बिनचूक निघते. बॅचच्या नोंदवहीसोबत ही सारणी जतन करावी, असे माझे मत आहे.

रंगछटा व प्रकाशाच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट तांबड्या भस्मांची. रंगछटा ही वर्तुळावरील अंशांत मोजतात आणि तांबडा रंग नेमका ० अंशावर, म्हणजेच ३६० वर असतो. विटकरी भस्मातील एका पिक्सेलचे आकडे १६०, ८०, ६० असतील तर त्याची छटा १२ अंश येते. शेजारच्या पिक्सेलचे १२०, ६०, ६४ असतील तर ३५६ अंश. दोन्ही तांबडेच आहेत. पण त्यांची साधी सरासरी १८४ अंश, म्हणजे निळसर हिरवा! म्हणून अंशांची सरासरी घेऊ नये. आधी तिन्ही रंगांची सरासरी काढून मग छटा काढावी. वरील उदाहरणात ती सुमारे ६ अंश येते.

दुसरी गोष्ट अशी की साठविलेले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. अर्धे पिक्सेल ० आणि अर्धे २५५ असतील तर आकड्यांची सरासरी १२७.५ होते, पण निम्म्या प्रकाशाचा आकडा नेहमीच्या पद्धतीत १८८ च्या जवळ असतो. पांढऱ्या-काळ्या कणांच्या मिश्रणात हा फरक मोठा होतो. म्हणून प्रकाशाची सरासरी हवी असल्यास रूपांतर प्रत्येक पिक्सेलवर, खंडाच्या आतच करावे. सरासरी काढल्यानंतर केलेले रूपांतर तेच उत्तर देत नाही.

स्कॅन करताना पाळावयाचे नियम

आकडे कितीही शुद्ध रीतीने जोडले तरी मूळ प्रतिमा सदोष असेल तर उपयोग नाही. पुढील पथ्ये पाळावीत.

१. स्कॅनरमधील रंग व उजेड आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवावी. ती सुरू असल्यास फिकट बॅच स्कॅनर स्वतःच गडद करून देतो.

२. प्रत्येक स्कॅनमध्ये तीच करडी व पांढरी पट्टी शेजारी ठेवावी. पट्टीचे आकडे बदलले तर दोष दिव्याचा किंवा काचेचा, औषधाचा नव्हे.

३. प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवावी. जेपेगमध्ये ८ × ८ पिक्सेलच्या तुकड्यांत माहिती आटविली जाते. सूक्ष्म चमक त्यात पुसट होते.

४. औषधाचे वजन, चाळणीचा क्रमांक, तबक व दाब प्रत्येक वेळी सारखे असावेत. बारीक वस्त्रगाळ चूर्ण जाड चूर्णापेक्षा फिकट दिसते.

५. चमकेसाठी तबक काटकोनात फिरवून किमान दोन स्कॅन घ्यावेत. स्कॅनरचा दिवा एकाच कोनातून प्रकाश टाकतो. जो कण त्या कोनात नाही तो चमकत नाही.

६. पारदयुक्त द्रव्ये बंद काचेच्या तबकात हाताळावीत. मास्क व हातमोजे वापरावेत.

या परीक्षेची मर्यादा

उत्तम रंग म्हणजे शुद्धता नव्हे. बांगलादेशात हळदीचा पिवळेपणा वाढविण्यासाठी लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी संयुग मिसळले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. अशी हळद वर्णपरीक्षेत अव्वल ठरेल. तसेच प्रतिमेत चमक न आढळणे हा मुक्त पारद नसल्याचा रासायनिक पुरावा नाही. पिक्सेलहून बराच सूक्ष्म कण स्कॅनरला दिसत नाही. सूर्यप्रकाशातील परीक्षा, वारितर, रेखापूर्ण इत्यादी परीक्षा आणि प्रयोगशाळेतील विश्लेषण यांची जागा ही पद्धत घेत नाही. ती डोळ्याच्या निरीक्षणाला नोंद व तुलनेचा आधार देते, इतकेच.

उपसंहार

सारांश, खंडांतून पुढे न्यावयाचे ते संख्या, बेरीज, वर्गांची बेरीज, किमान, कमाल, मर्यादेवरील पिक्सेलची संख्या व वारंवारता सारणी. न जोडावयाचे ते सरासरी, प्रमाण विचलन, मध्यक व छटेचे अंश. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रश्न आधी ठरवावा, आकडा मग निवडावा. दोन बॅचच्या रंगांची तुलना करावयाची असेल तर सरासरी, मिश्रण पाहावयाचे असेल तर विचलन आणि निश्चंद्रत्व पाहावयाचे असेल तर चमकत्या पिक्सेलची गणना, अशी योजना असावी. १४ कोटी पिक्सेलमध्ये हरवणारे २,००० पिक्सेल हेच रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक असू शकतात. ज्या निर्माणशाळा ही पद्धत सुरू करू इच्छितात त्यांनी प्रथम परंपरागत परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या स्वतःच्या बॅचच्या नोंदी काही काळ साठवाव्यात आणि त्यांवरूनच आपली मर्यादा ठरवावी. दुसऱ्या स्कॅनरवरील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.